पिशवीचा रिपोर्ट

मटरीची शेंग दोन बोटांनी देठापाशी मोडायची असते. ओढली की वेल उपटून हातात येतो.

•

बरणीतलं फॉर्मलिन आधी डोळ्यांना झोंबतं. वास नंतर येतो.

•

शिर्क्यांच्या घरात बाळंतपणानंतर पडलेली वार बाहेर टाकत नाहीत. शेताच्या पूर्वेच्या बांधावर, आवळ्याखाली, हातभर खोल पुरतात आणि वर दगड ठेवतात. नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या पूर्वजांनी ही रीत आणली असं गुणवंत सांगतो. तो बऱ्याच गोष्टींबद्दल असंच सांगतो.

•

नाम?
बेबी शिर्के.
असली नाम बताइए, अम्मा.
यही है.
उमर?
अठ्ठेचाळीस.
पहले कोई ऑपरेशन?
पिशवी... बच्चेदानी निकाली. तीन साल हुए.

•

यंदा डिसेंबरात थंडी पडलीच नाही. शहपुऱ्याच्या आसपासची सगळी मटर एकाच आठवड्यात भरली.

•

छातीच्या फोटोत सात डाग. सगळ्यात मोठा लिंबाएवढा.

•

चार एकर मटर, आणि तोडायला अंजनीसकट सहा बाया. गेल्या वर्षी अशा बारा होत्या. पण या वर्षी प्रत्येकाचंच शेत एकदम आलं होतं आणि प्रत्येकालाच बाया हव्या होत्या. आठ दिवसांत शेंग उतरली नाही तर दाणा कडक होतो, मग मंडीत कोणी हात लावत नाही. म्हणून बेबीही सकाळी सात वाजता बायांबरोबर सरीत उकिडवी बसायची आणि टोपली पुढे सरकवत सरकवत तोडत जायची. दवाने तिच्या साडीची खालची वीतभर कड दुपारपर्यंत ओली असायची.

दर पाच-सात शेंगांमागे ती खोकायची. कोरडा, वरच्यावरचा खोकला. दिवाळीपासून लागला होता.

"दीदी, तुमाई खाँसी तो हमाए बुढ़ऊ के ट्रैक्टर जैसी है," पलीकडच्या सरीतून अंजनी म्हणाली. "चालू हो जात है, बंद नईं होत."

"तेरे बुढ़ऊ ने सुना तो?"

"वे तो बहरे हैं. एई से तो निभ गई."

सगळ्या हसल्या. बेबीही हसली आणि हसण्याचा पुन्हा खोकला झाला. बांधाजवळ तिचा नवरा गुणवंत बोऱ्या भरत होता. हातातल्या दाभणाने सुतळीचा टाका घालता घालता तो थांबला, खोकला संपेपर्यंत थांबला, मग टाका ओढला.

शहपुऱ्याच्या डॉक्टरने आधी टीबी म्हटलं होतं. थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा साफ. मग छातीचा फोटो काढला, तो पाहून चिठ्ठी दिली आणि म्हणाला, जबलपूर जाओ.

•

जबलपूरच्या दवाखान्यात यामिनी आधीच येऊन थांबली होती. ती त्यांची एकुलती मुलगी. फॅक्टरीत अप्रेंटिस होती, महाराजपुरात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती.

डॉक्टर मेघनांनी आडनाव वाचलं आणि मान वर केली. "मराठी? मी पण. बाबा रेल्वेत होते. माझी मराठी बिघडलीय, सांभाळून घ्या हां."

मग त्या उठल्या. सीटीची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून पाहत राहिल्या. त्यानंतर पिशवी काढली तेव्हाचं जुनं कार्ड उलटं-सुलटं केलं.

"इथं पेनानं लिहिलंय, रिपोर्ट नॉर्मल. तो कागद कुठंय?"

"घरी असंल," गुणवंत म्हणाला.

"नीट ऐका, बेबीताई. पिशवीत साध्या गाठी होतात, लाखो बायांना होतात. त्यातली एखादी, हजारो-लाखोंतली एखादी, रक्तातून जाऊन फुप्फुसात बसते. तिथंही ती साधीच राहते. गोळीनं दबते, बाई आपलं आयुष्य जगते. पण दुसरी एक गाठ असते. ती पण पिशवीच्याच मांसाची, पण कॅन्सर. ती पण फुप्फुसात जाते. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी. या फोटोत मला फरक नाही कळत."

"तो पता कैसे चलेगा?" यामिनीने विचारलं.

"काढलेली गाठ लॅबवाले कापून मेणाच्या वड्यांत बसवून ठेवतात. ब्लॉक म्हणतात त्याला. तो रिपोर्ट आणि ब्लॉक आणा. गाठ खरंच साधी होती हे मी डोळ्यांनी पाहिलं, तर छातीत सुई घालायची घाई नाही. फुप्फुस फुग्यासारखं असतं, सुईची जोखीम आहे. गोळी सुरू करू, सहा महिन्यांनी बघू."

"नॉर्मलच होता," बेबी म्हणाली. "यांनीच वाचून सांगितलं होतं मला."

गुणवंत कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे पाहत होता. काट्यावर कोणी उभं नव्हतं.

•

घरी आल्यावर बेबीने पत्र्याची पेटी उघडली आणि कागद फरशीवर मांडायला घेतले. यामिनीची गुणपत्रकं. म्हशीचं लसीचं कार्ड. विजेची बिलं, सालवार, दोरीत बांधलेली. खताच्या सोसायटीच्या पावत्या. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, तीन प्रती. गुणवंत दारात उभा होता.

"कुठं ठेवला होता तुम्ही?"

"आठवून नाही राहिलं."

"कागद कसा होता, पांढरा का पिवळा?"

"पांढरा."

तिने सगळे पांढरे कागद वेगळे काढले. दिवा जवळ ओढला आणि एकेक वाचत बसली. तिला इंग्रजी अडखळत वाचता यायचं, म्हणून तिला वेळ लागत होता. प्रत्येक कागदावर ती पहिल्यांदा आपलं नाव शोधत होती. गुणवंतने म्हशीला पाणी दाखवून येतो म्हटलं. पाणी त्याने तासाभरापूर्वीच दाखवलं होतं.

•

सकाळी बाया यायच्या आधी तो कुदळ घेऊन आवळ्याखाली गेला. तिथे तीन दगड होते. एक यामिनीच्या वारेचा. एक तिच्या आधीच्या मुलाचा, जो सातव्या महिन्यात गेला. त्याची वार आणि तो, दोघं एकाच खड्ड्यात. तिसरा दगड नवा होता, तीन वर्षांचा.

तिसरा दगड त्याने बाजूला केला. हातभर खणलं, मग आणखी वीतभर. माती काळी, गार, मुळांनी भरलेली. मुळं हाताने मोडत गेला. शेवटी नायलॉनच्या साडीची किनार हाताला लागली, हिरवी, जशीच्या तशी. तिच्यात गुंडाळलेलं काहीच उरलं नव्हतं. त्याने किनार झटकली. माती पडली.

"भैया जी, का हिरा गओ?" काय हरवलं म्हणून विचारत मागे अंजनी उभी होती, डोक्यावर रिकामी टोपली.

"कछू नईं."

अंजनीने दगड पाहिला, खड्डा पाहिला. तिचं अर्धं आयुष्य या शेतात गेलं होतं आणि या बांधावर काय असतं हे तिला माहीत होतं.  ती टोपली उतरवून सरीत जाऊन बसली आणि त्याच्याकडे पाठ करून तोडायला लागली.

•

त्या दुपारी बेबी भाकरीचं फडकं सोडताना म्हणाली, "जाऊ द्या आता. लॅबवाल्यांनीच दिला नसंल. डॉक्टरीणबाईंना सांगू, हरवला, पण नॉर्मल होता. तुम्ही वाचला होता ना? मग झालं तर. मला सुई नको. गोळी घेईन."

तिने भाकरीवर चटणी घातली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही.

"घ्या ना."

"बेबी, रिपोर्ट नव्हता."

"तेच म्हणून राहिली मी. हरवला."

"नव्हताच. पिशवीची ती बरणी मी लॅबात दिलीच नाही."

बेबीचा हात तसाच राहिला. भाकरीवरून चटणीचं तेल तिच्या मनगटावर उतरलं.

"मग कुठं दिली?"

त्याने हनुवटीने बांध दाखवला.

बेबीने आवळ्याकडे पाहिलं. तिथे उकरलेली ओली माती दिसत होती.

"डॉक्टरनं टाके काढताना विचारलं, रिपोर्ट? मी म्हटलं, नॉर्मल. त्यानं लिहून टाकलं. मग घरी येऊन तुला पण तेच सांगितलं."

"तीन वर्षं?"

"हो."

"काहून पण?"

गुणवंत सुतळीचा गुंडा हातात फिरवत होता. "लॅबवाले कापतात अन् नालीत फेकतात असं ऐकलं होतं. यामिनी त्यातूनच आली. अन् तो पण. वाटलं, घरचं घरी राहावं. दोन दिवस थैलीत ठेवली, मग धुतली, तुझ्या हिरव्या साडीत बांधली अन्..." तो थांबला. "त्या दिवशी मी..." म्हणाला आणि पुन्हा थांबला.

"घरचं?" बेबी म्हणाली. "माझं होतं ते."

"हो. तुझंच."

"मग मला विचारायचं होतं."

"तू पडून होती."

"मी पडून होते, मेले नव्हते."

जवळच तिची भरलेली टोपली होती. तिने मूठभर शेंगा उचलल्या आणि त्याच्या अंगावर फेकल्या. मग आणखी एक मूठ. तो हलला नाही. मग तिने दोन्ही हातांनी टोपलीच उचलली आणि त्याच्यावर उपडी केली. शेंगा त्याच्या स्वेटरला अडकल्या, केसांत अडकल्या, मातीत पसरल्या. सहाही सऱ्यांमधले हात थांबले.

बेबीला खोकला लागला. तो बराच वेळ चालला. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. गुणवंत उठला, तिच्याजवळ जायला निघाला, पण गेला नाही. खाली बसला आणि शेंगा वेचायला लागला.

खोकला संपल्यावर तीही बसली. दोघं समोरासमोर वेचू लागली.

"ढेकळं नका घेऊ शेंगांत," ती म्हणाली.

"नाही घेऊन राहिलो."

"हे काय मग?"

त्याने ते ढेकूळ टाकून दिलं.

टोपली भरली तेव्हा ती म्हणाली, "सोमवारी डॉक्टरीणबाईंना तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. मी नाही सांगणार, यामिनी पण नाही. अन् केसांतली शेंग काढा."

•

सोमवारी डॉक्टर मेघनांसमोर गुणवंत उभा राहूनच बोलला. बसा म्हटलं तरी बसला नाही. चार वाक्यांत सांगितलं. खोलीत एक शिकाऊ डॉक्टर होता, त्याच्या तोंडून हसू निसटलं आणि डॉक्टर मेघनांनी त्याच्याकडे पाहिल्यावर मिटलं. यामिनी बापाकडे पाहत होती आणि काही बोलायला तिला ना मराठी सापडत होती ना हिंदी.

"तुम्ही आज नसतं सांगितलं," डॉक्टर मेघना हळू म्हणाल्या, "तर मी या कार्डावरच्या एका शब्दावर गोळी सुरू केली असती. अन् ती दुसरी गाठ असती तर?"  मग त्या शिकाऊ डॉक्टरकडे वळल्या. "लिखो, पुरानी रिपोर्ट उपलब्ध नहीं."

"कारण, मॅडम?"

"जाने दो, ज़रूरत नहीं."

"लिहा ना," गुणवंत म्हणाला. "लिहा, नवऱ्यानं पुरली. पुढं कोणी वाचलं तर पुन्हा विचारायला नको तिला."

•

सुईच्या खोलीत गुणवंतला जाऊ दिलं नाही. काचेतून त्याला फक्त तिचे तळवे दिसत होते. ती पालथी पडली होती. टाचांच्या भेगांत अजून शेताची माती होती. सकाळी तिने घासून काढली होती तरी. आतून माइकवर आवाज यायचा, साँस रोकिए. तळवे ताठ व्हायचे. छोड़िए. तळवे सैल व्हायचे. त्याने मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी तोही श्वास धरत होता, आणि एकदा छोड़िए म्हटल्यावर तिने सोडला तरी तो धरूनच उभा राहिला, शेवटी यामिनीने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"बाबा! साँस तो लो!"

दोन तासांनी दुसरा फोटो काढला. फुप्फुस फुटलं नव्हतं. वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला, मागोमाग सुईतल्या तुकड्यांची एक छोटी बाटली आणली, झाकणावर चिकटपट्टी. रीतीप्रमाणे त्याने ती पुरुष माणसापुढे धरली. "नीचे पैथोलॉजी में जमा करा दो, दादा."

गुणवंतने हात पुढे केला नाही.

"इधर दो भैया," खुर्चीतून बेबी म्हणाली.

तिने बाटली मांडीवर दोन्ही हातांत धरली. गुणवंत खुर्ची ढकलत होता, यामिनी लिफ्टची बटणं दाबत होती. लिफ्टच्या उजेडात बेबीने बाटली डोळ्यांजवळ नेली. आत तीन फिकट धागे होते, मोडलेल्या शेवयांसारखे.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्याशावर ठरणार?"

"मम्मी, हिलाओ मत."

"हलवत नाही. बघून राहिली. आधीच्या वेळी बघायला मिळालं नव्हतं."

खिडकीतल्या माणसाने फॉर्म घेतला, चष्म्यावरून पाहिलं. "मरीज़ के साथ कौन है?"

"मैं ही मरीज़ हूँ. मेरा है ये. कहाँ दस्तखत करूँ?"

तिने सही केली. बेबी शिर्के. मग त्याने बाटली आत घेतली आणि नंबर लिहिला, तो नंबर तिने तीनदा म्हणून पाठ केला. पावतीही तिने आपल्याच पाकिटात ठेवली.

•

नमुना रंगवून तपासायला नागपूरला पाठवावा लागला, म्हणून तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत मटर संपली. पहिली तोड बरी उतरली. दुसऱ्या तोडीला अर्ध्या शेंगा कडक झाल्या होत्या, त्या वेलावरच राहू दिल्या. बेबीला वजन उचलायला मनाई होती. ती बांधावर बसून बोऱ्यांची तोंडं शिवायची, आणि टाका वाकडा पडला की गुणवंतला दोष द्यायची. थंडी उशिरा आली, ती एकदम आली. सकाळी धुक्यात बायांचे आवाज आधी यायचे, बाया नंतर दिसायच्या. अंजनी रोज विचारायची, "आओ का कागद?" आणि नाही म्हटलं की स्वतःच धीर द्यायची, "आ जैहे."

पाठीवर सुईच्या जागी पट्टी होती. ती बदलायचं काम गुणवंतचं. अंघोळीनंतर बेबी चुलीपुढे पाठ करून बसायची, ब्लाउज खांद्याखाली उतरवून. त्याचे हात खरखरीत, पट्टीचं टोक त्याच्या नखात यायचं नाही. तो कोमट पाण्याने कड भिजवायचा, फुंकर घालायचा, थोडी थोडी सोडवायचा.

"ओढा ना एकदाची."

"दुखंल."

"दुखू द्या."

तो ओढायचा नाही.

एकदा तशीच पाठ करून बसलेली असताना ती म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, अर्धी लॅबात द्या, अर्धी पुरा."

गुणवंतचे हात थांबले. "असं करता येतं?"

"काहून नाही? डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. म्हणाल्या, लॅबला चार तुकडे पुरतात. बाकीचं मागितलं तर देतात सुद्धा."

त्याला काय करावं कळेना. आधी त्याने कपाळाला हात लावला. मग त्याचे खांदे हलायला लागले. बेबीला पाठीमागे पाहता येत नव्हतं, तिला वाटलं तो हसतोय, म्हणून तीही हसली. मग तिच्या पाठीवर गरम थेंब पडला आणि तिला कळलं.

"पट्टी ओली होईल," ती म्हणाली. "चला, लावा नवी."

•

"साध्या गाठीचं मांस आहे," डॉक्टर मेघना म्हणाल्या. त्यांनी कागद आधी बेबीच्या हातात दिला. "पेशी शांत आहेत. हार्मोनचा रंग छान चढलाय, म्हणजे गोळी लागू पडेल. रोज एक. बहुधा खोकला पण हळूहळू कमी होईल."

यामिनीने डोळे मिटून घेतले. गुणवंत खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"पण एक सांगते. सुईत येतो तो शेवईएवढा तुकडा. सात डागांपैकी एकाचा. पहिली गाठ हातात असती तर मी छातीठोक सांगितलं असतं. आता मी म्हणेन, दहातले नऊ."

"अन् दहावं?" गुणवंतने विचारलं.

"दहाव्यासाठी दर तीन महिन्यांनी फोटो."

त्याने मान हलवली. ती तशीच हलत राहिली, तेव्हा बेबीने खुर्चीच्या पाठीवरचा त्याचा हात मागे न पाहता दाबला. जरा जोरातच दाबला, तिची नखं लागली.

बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली. गोळ्यांचं पाकीट पर्समधून काढलं, वाचलं, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं.

"रोज तुम्ही द्यायची. सकाळच्या चहानंतर."

"देतो."

"अन् एखाद्या दिवशी विसरलात तर विसरलो म्हणा. दिली म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"यामिनी रडली आज, पाहिलं? इतकी मोठी झाली, अजून नाक तसंच लाल होतं."

"तुझ्यासारखं."

"माझं कुठं लाल होतं?"

 बस पुलावर चढली. तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं, आणि शहपुरा येईपर्यंत ती चारदा खोकली, चारही वेळा त्याने खिशावर हात ठेवून पाकीट आहे का पाहिलं.

•

तीन वर्षांपूर्वी, पिशवीच्या ऑपरेशनच्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी गुणवंत जबलपूरच्या घमापुरातल्या एका लॅबसमोर बरणीची थैली घेऊन उभा होता. शटर खाली होतं आणि त्यावर खडूने लिहिलं होतं, दो बजे खुलेगा. शहपुऱ्याच्या नर्सने सांगितलं होतं की बेबी अडीचपर्यंत शुद्धीवर येईल आणि तेव्हा जवळ कोणीतरी आपलं माणूस हवं. त्याने बरणीसकट शहपुऱ्याची दीडची बस पकडली.